माया सेवेतून जडते
पैठण रस्त्यावरच्या चितेगावात कारखाने आले, तशी दारात बैल नसलेली घरंही वाढली. तिथल्या मुलांना निसर्गाची गोडी लावायला नुसती माहिती पुरत नाही. माया सेवेतून जडते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीत बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळताना जुवाने पडलेला घट्टा मुलाच्या हाताला लागतो आणि जनावराचे कष्ट न सांगता कळतात. बैल नसला, तरी चिमण्यांसाठी पाण्याचं परळ रोज भरणं हेही तेच शिक्षण. जनावर चावेल, ही भीती रास्त आहे. म्हणून खाणाऱ्या कुत्र्याला डिवचायचं नाही, हे आधी शिकवावं आणि चावलंच तर जखम साबणाने १५ मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठावा. रानपाखरांशी नातं लांबूनच बरं. १९८६ साली अभयारण्य झालेल्या जायकवाडीवर हिवाळी पाहुणे दुर्बिणीतून निवांत पाहता येतात.