जुन्या पिकप गाडीचा चावीचा स्विच कसा काढावा

ओझर येथें श्रीविघ्नेश्वराच्या देवळाच्या आसपास, कुकडीच्या कांठच्या मळ्यांतून नारायणगांवच्या बाजारास टोमॅटो नेण्याकरितां जुन्या पिकप गाड्या अद्याप राबतांना दिसतात. माल तोडून क्रेटांत भरला आहे, आणि चावी फिरविली तरी गाडी मुकीच, असा प्रसंग ज्यानें भोगला असेल त्यास या लेखाचें प्रयोजन सांगावयास नको. अशा वेळीं डॅशबोर्डाखालीं हात घालून दोन वायरी एकमेकींस जोडण्याचा उपाय सर्रास होतो. आमच्या पाहण्यांतील एका बागायतदारानें बॅटरी न सोडतांच स्विच ओढून काढला. उघडें टोक पत्र्यास लागून वायरीचें वेष्टण जळालें, आणि त्या दिवशींचा माल दुसऱ्याच्या गाडीनें धाडावा लागला. हें नुकसान टाळण्यास विशेष विद्या लागत नाहीं. कामाचा क्रम तेवढा ठाऊक असावा लागतो.

स्विचचें काम.— बॅटरींतील वीज स्विचपर्यंत येते व चावी फिरविल्यावर पुढें वाटली जाते. पेट्रोलच्या गाडींत ती कॉइलकडे जाऊन ठिणगी पाडते. बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांत मात्र एंजिन बंद करण्यास वेगळी ओढ-दांडी असते. तेथें चावी बंद केली तरी एंजिन चालूच राहतें, हा स्विचचा दोष समजूं नये. स्टार्टरची भारी वीज स्विचमधून जात नाहीं. चावी केवळ सोलेनॉइडास इशारा देते. 1912 सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडींत केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला. पुढें 1949 सालीं क्रायस्लरनें चावीनेंच स्टार्टर चालविण्याची सोय केली. तत्पूर्वींच्या धाटणीच्या जीप गाड्यांत स्टार्टरचें बटण पायापाशीं वेगळें असतें. म्हणून नवा स्विच घेतांना जुन्याचीं टोकें मोजून घ्यावीं.

आधीं परीक्षा.— स्विच बिघडला असें अंदाजानें ठरवूं नये. प्रथम बॅटरीच्या खुंट्यांवरील पांढरी बुरशी काढून त्या घट्ट कराव्या. नंतर बारीक दिव्याची एक वायर गाडीच्या स्वच्छ पत्र्यास धरून दुसरी स्विचच्या टोकांस क्रमानें लावावी. बॅटरीकडून येणाऱ्या टोकावर दिवा नेहमींच लागला पाहिजे. चावी फिरवितांच पुढें जाणाऱ्या टोकावरही लागला पाहिजे. येणाऱ्या टोकावर लागतो व पुढच्यावर लागत नाहीं, तर दोष स्विचचा. दोन्हीकडे लागतो, तर स्विचला हात न लावतां पुढील वायर, फ्यूज व कॉइल पाहावी. येणाऱ्या टोकावरच लागत नसेल, तर खोट बॅटरी व स्विच यांच्या दरम्यान आहे. चावी हलविली असतां गाडी चालू-बंद होणें, स्विच हातास गरम लागणें, चावी सोडल्यावरही स्टार्टर फिरत राहणें, हीं झिजलेल्या स्विचचीं लक्षणें होत.

काढण्याची रीत.— गाडी सपाट जागीं लावून हातब्रेक ओढावा व चावी काढावी. बॅटरीची जी वायर गाडीच्या अंगास जोडलेली असेल ती प्रथम सोडावी. दुसरी आधीं सोडूं लागल्यास पाना पत्र्यास टेकून ठिणग्या उडतात. कांहीं फार जुन्या गाड्यांत धन टोकच अंगास जोडलेलें असतें. यास्तव चिन्ह न पाहतां वायर कोठें गेली तें पाहावें.

नंतर स्विचच्या मागील बाजूचें छायाचित्र मोबाइलवर घ्यावें, व प्रत्येक वायरीस कापडी पट्टी गुंडाळून खूण करावी. रंगावर विसंबूं नये. पन्नास वर्षांत किती हातांनीं वायरी बदलल्या असतील कोण जाणे. मग समोरील गोल नट डावीकडे फिरवावा व त्या वेळीं मागून स्विच घट्ट धरावा, नाहींतर तो वायरींसह फिरून त्या तुटतात. नट गंजला असेल तर तेलाचा थेंब सोडून थोडें थांबावें. नट निघाल्यावर स्विच मागें ढकलून खालून बाहेर घ्यावा व वायरी सोडाव्या. अमेरिकन बनावटीच्या कित्येक पिकपांत चावीचें कुलूप आधीं काढावें लागतें. त्याच्या तोंडाशीं बारीक छिद्र असतें. चावी थोडी डावीकडे फिरवून त्यांत तार दाबली असतां कुलूप सुटतें. जोर करूं नये.

नवा स्विच उलट क्रमानें बसवून बॅटरी सर्वांत शेवटीं जोडावी. चावी ‘स्टार्ट’पर्यंत नेऊन सोडली असतां ती आपण होऊन परत आली पाहिजे. पेट्रोलची गाडी उभी असतां चावी चालू ठेवूं नये, कॉइल तापते.

ही रीत जुन्या गाड्यांपुरती आहे. स्टिअरिंगचें कुलूप, एअरबॅग व इलेक्ट्रॉनिक चावी असलेल्या नव्या गाड्यांस ती लावूं नये. त्या जाणत्या कारागिराकडेच न्याव्या. हें काम हंगामापूर्वीं, दिवसाउजेडीं व सवडीनें करावें. माल भरलेल्या गाडीपाशीं, रात्रीं, विजेरीच्या उजेडांत केलेलें काम बहुधा दोनदां करावें लागतें.