‘बाजूने चालव’ म्हणण्याआधी

सकाळी साडेसहाला इंदुरात टोरी कॉर्नरकडून बडा गणपतीकडे निघालो, की बहुतेक दिवशी माझ्या पुढे एक दूधवाला असतो. कॅरियरच्या दोन्ही अंगांना कॅन, हँडलला मापं लटकलेली. मागच्या महिन्यात त्याच्यासमोर ड्रेनेजचं खचलेलं झाकण आलं. ते चुकवायला त्याने सायकल हातभर उजवीकडे घेतली, तोच मागून लांबलचक हॉर्न वाजला. मोटारवाल्याने काच खाली केली आणि दोन गोष्टी सुनावल्या. एक, बाजूने चालव. दोन, रस्त्याचा टॅक्स भरतोस का? दूधवाला काही बोलला नाही. मल्हारगंजात वाढलेल्या मला मात्र ती दोन वाक्यं दिवसभर टोचत राहिली, कारण गाडीवाल्यांच्या मनात सायकलवाल्याविषयी जे गैरसमज आहेत, त्यांतले निम्मे त्यांत आले होते.

आधी ‘बाजूने चालव’. मोटारीत बसलेल्याला रस्त्याची कड मोकळी दिसते. सायकलवरून पाहावं. खचलेली झाकणं तिथेच, बांधकामाची वाळू तिथेच आणि दुकानांपुढे उभ्या केलेल्या गाड्याही तिथेच. यांतला सगळ्यात मोठा धोका उभ्या गाडीचा, कारण तिचं दार कधी उघडेल हे कुणालाच ठाऊक नसतं. दोन वर्षांपूर्वी गोराकुंडाजवळ असंच एक दार माझ्यासमोर उघडलं. मनगट तीन आठवडे प्लास्टरमध्ये होतं. गाडीतले गृहस्थ वाईट नव्हते, मला उचलायला तेच धावले. पण उचलता उचलता म्हणाले, “अहो, जरा बघून चालवायचं ना!” आपण दार उघडण्याआधी मागे पाहायचं असतं, हे त्यांच्या खरोखरच गावी नव्हतं.

यावर एक साधी सवय आहे. चालकाने उजवं दार डाव्या हाताने उघडायचं. हात लांबवताना खांदा आपोआप वळतो आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. नेदरलँड्समधली ही रीत ब्रिटनने २०२२ साली आपल्या वाहतूक संहितेत घेतली. त्याच संहितेने सायकलस्वारांना हेही सांगितलं, की रस्ता अरुंद असेल तिथे लेनच्या मधून चालवा. कडेला चिकटलेल्या सायकलीला लोक उरलेल्या फटीतून ओलांडू बघतात, मधली सायकल ते जागा मिळेपर्यंत थांबून ओलांडतात. म्हणजे दूधवाला चुकत नव्हता. कडेपासून हात-दीड हात अंतर राखणं ही त्याची अनुभवाने आलेली अक्कल होती. गाडीने सायकलीपासून किती अंतर ठेवावं याचाही हिशेब आहे. जर्मनीने २०२० मध्ये शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर असा नियम केला. आपल्याकडे मीटरचा आकडा सहसा कुणी विचारत नाही, पण पायी चालणारे, सायकलस्वार, मुलं आणि वृद्ध यांची विशेष काळजी घेणं हे चालकाचं कर्तव्य आहे, असं २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत लिहिलेलं आहे.

आता टॅक्स. वाहनकर राज्याच्या तिजोरीत जातो. तो भरला म्हणून मल्हारगंजातल्या रस्त्याचा सातबारा कुणाच्या नावावर होत नाही. गल्लीबोळांचे रस्ते महापालिका करते, मालमत्ता करातून आणि सरकारी अनुदानातून. दूधवाला भाड्याच्या खोलीत राहत असला, तरी घरमालकाचा कर त्याच्या भाड्यातूनच निघतो. सायकल विकत घेतानाही कर लागतोच. सप्टेंबर २०२५ पर्यंत सायकलींवर १२ टक्के जीएसटी होता, आता ५ टक्के आहे. जुन्या लोकांना तर आठवतच असेल, की अनेक नगरपालिका सायकलीवर वेगळा कर घेत आणि पितळी बिल्ला देत. शिवाय रस्ता झिजवतं कोण? १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वजनदार ट्रक महिनोन् महिने फिरवून पाहिले गेले. त्यातून निघालेला हिशेब असा, की आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. दोन कॅन लादलेली सायकल त्या हिशेबात धरण्याजोगीही नाही.

गैरसमज एकाच बाजूचे आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. आम्हा सायकलवाल्यांचा लाडका समज असा, की सायकलीला लायसन्स नाही म्हणजे कायदाही नाही. लायसन्स लागत नाही हे खरं. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये सायकल ‘मोटार वाहन’ नाही. पण सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहे आणि ते मोटारीपुरतं नाही. सिग्नल तोडून म्हाताऱ्या माणसाला धडक दिली, तर सायकलस्वारही त्यात येतो.

दुसरा समज जास्त घातक आहे. ‘समोरची गाडी दिसली की आपण सावध राहतो’ म्हणून पुष्कळजण उलट दिशेने सायकल चालवतात. पायी चालणाऱ्याने समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावं हे बरोबर, पण तोच नियम सायकलीला लावला की घात होतो. सायकल ताशी १५ किलोमीटर आणि गाडी ४० धरा. एकाच दिशेला असतील तर दोघांतलं अंतर २५ च्या वेगाने कमी होतं, आमनेसामने असतील तर ५५ च्या. आणि गल्लीतून बाहेर पडणारा गाडीवाला ज्या बाजूने वाहनं येतात तिकडेच बघत असतो. उलट दिशेची सायकल त्याला दिसतच नाही.

सगळ्यात खोलवर रुजलेला समज आहे तो अरुंद रस्त्याबद्दलचा. रस्ता रुंद झाला की अपघात कमी होतील, असं आमच्या भागात सगळ्यांनाच वाटतं. स्मार्ट सिटीच्या कामात बडा गणपती ते कृष्णपुरा हा रस्ता रुंद झाला, त्यासाठी घरांचे दर्शनी भाग पडले. त्या वेळी मलाही वाटलं होतं, की निदान चालणं-सायकलणं सुखाचं होईल. १९१८ साली इंदूर दरबाराला नगररचनेचा अहवाल देणारे पॅट्रिक गेडिस जुन्या वस्त्या सरसकट फोडून सरळ रुंद रस्ते काढण्याच्या विरोधात होते, हे मी नंतर वाचलं. त्यांच्या काळात मोटारी मोजक्याच होत्या, तरीही.

रस्ता रुंद झाला की गाड्यांचा वेग वाढतो, आणि जीव घेतो तो वेग. ताशी ३० किलोमीटरने जाणारा चालक समोर सायकल पाहून ब्रेककडे पाय नेईपर्यंत सेकंदभरात आठेक मीटर पुढे जातो आणि कोरड्या रस्त्यावर तेरा-चौदा मीटरमध्ये थांबतो. ५० च्या वेगात तेवढं अंतर एका सेकंदातच संपतं. पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरीचा ब्रेक नुकता कुठे लागत असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोटारीच्या धडकेचा वेग ५० वरून ६५ वर गेला तर पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचारपट होतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतल्या सात दशांशांहून जास्त मृत्यूंमागे अतिवेग होता, ही केंद्र सरकारचीच आकडेवारी. आणि १५ सप्टेंबर २०२५ ची संध्याकाळ आमच्यापैकी कोण विसरेल? नो एंट्रीत शिरलेला ट्रक कालानी नगरकडून बडा गणपतीपर्यंत लोकांना चिरडत आला. किमान तिघे गेले. तो एअरपोर्ट रोड काही अरुंद नाही.

वेगळी पट्टी आखली की प्रश्न सुटला, हाही समजच. २०१३ मध्ये सुरू झालेल्या साडेअकरा किलोमीटरच्या इथल्या बीआरटीएस बसमार्गाच्या कडेला सायकल मार्ग होता. तिथे गाड्या उभ्या राहिल्या, ठेले लागले. सायकल मार्गावर मोटार नेणं १९८९ च्या वाहतूक नियमांतही निषिद्ध होतं. पट्टी सायकलीची राहते ती तिच्यावर उभी राहिलेली गाडी रोज उचलली गेली तरच.

अपघात झालाच, तर ‘सायकलीचा विमा नाही, भरपाई कसली’ म्हणून गरीब माणसं घरी बसतात. विमा सायकलीचा लागत नाही, धडक देणाऱ्या मोटारीचा लागतो, आणि थर्ड पार्टी विमा मोटारीला सक्तीचाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. सहा महिन्यांच्या आत करावा. गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तरी हिट अँड रन योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसांच्या चकरा मारायला लावता येत नाही, त्यासाठी त्याच कायद्याचं कलम १३४अ आहे.

राहिलं एक वाक्य, जे प्रत्येक अपघातानंतर ऐकू येतं: ‘दिसलाच नाही हो!’ हे दर वेळी खोटं नसतं. नव्या सायकलींना प्रमाणित रिफ्लेक्टर सक्तीचे करणारा आदेश २०२० मध्ये निघाला, पण दूधवाल्याची सायकल त्याच्या वडिलांची. ते हुकूमचंद मिलच्या भोंग्यावर याच सायकलने कामाला जात. मिल १९९१ मध्ये बंद पडली, सायकल चालूच आहे. परवा मी लाल रिफ्लेक्टर टेपचं एक रीळ आणलं. पहाटे त्याला थांबवलं आणि दोन्ही कॅनच्या मागे आडव्या पट्ट्या चिकटवल्या. तो आधी संकोचला, मग स्वतःच कॅन फडक्याने पुसून कोरडे करून देऊ लागला. आज अजून उजाडलेलं नव्हतं. मागून एक व्हॅन आली, तिचे दिवे पडले आणि दोन्ही पट्ट्या लखकन पेटल्या. व्हॅन हळू झाली, पुरेशी उजवीकडे सरकली आणि हॉर्न न वाजवता पुढे गेली.