आयव्ही नको, कुसळी चालेल

इंग्लिश आयव्ही ही युरोपातली सदाहरित वेल. मोठ्या झाडाच्या सावलीत, जिथं हिरवळ धरत नाही, तिथं तिची छाटं टोचली की काही वर्षांत माती दिसेनाशी होते. हाच गुण पुढं अंगाशी आला. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात ती बागेबाहेर पडून जंगलात शिरली, झाडांवर चढली आणि २०१० साली तिथं तिच्या विक्रीवर बंदी आली. आपल्याकडं जमीन झाकायचं हे काम पिवळ्या फुलांची वेडेलिया करते. तीही परदेशी आणि तितकीच आगाऊ.

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या माळावर आयव्ही एक उन्हाळाही काढणार नाही. पर्जन्यछायेचा मुलूख, पातळ माती, खाली मुरूम. तरीही जमिनीवरच्या पांघरुणाचं मोल कळायला याच गावी यावं.

उघड्या मातीवर वळवाचा टपोरा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगानं आदळतो. मातीचे कण उडतात, बारीक गाळ छिद्रांत बसतो, वर पापडी धरते. मग पाणी मुरायचं सोडून पळत सुटतं, जाताना माती घेऊन. मधे गवत असलं तर थेंब पात्यावरच फुटतो आणि बुडख्यापाशी सावकाश उतरतो.

अण्णा हजारे १९७५ साली लष्करातून निवृत्त होऊन राळेगणसिद्धीला परतले. पुढं श्रमदानातून नालाबांध, चर, पाझर तलाव अशी कामं झाली. ती फोटोत दिसतात, मोजता येतात. गावानं पाळलेली चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मात्र दिसत नाहीत, म्हणून पाहुण्यांच्या वहीत त्यांना जागा कमी मिळते. खरं तर माथ्यावर गवत नसेल तर खालचे चर गाळानं भरायला वेळ लागत नाही.

या पांघरुणाची गंमत अशी, की बरंचसं लावावं लागत नाही. जनावराचं तोंड लागलं नाही, तर जमिनीत जीव धरून राहिलेले गवताचे बुडखे पावसाळ्यात फुटतात. कुसळी येते, पवन्या येतो. कुसळीला मेंढपाळ शिव्या घालतात, कारण तिची कुसळं लोकरीत शिरून कातडीत रुततात. पण कुसळं धरण्याआधी कापली तर तीच चांगली वैरण.

कापून आणायची, हे म्हणायला सोपं. चराई बंद म्हणून बांधलेल्या जनावराचा भारा कुणाच्या तरी डोक्यावरून येतो, बहुधा घरच्या बाईच्या. ज्याला शेत नाही, बांध नाही, त्याच्या शेळ्यांना माळाशिवाय दुसरं रान नसतं; बंदी त्यालाच आधी टोचते. म्हणून ती एकट्यादुकट्यानं पाळून चालत नाही, सगळ्या गावानं पाळावी लागते.

अंगणापुरतं बघायचं असेल तर उन्हाच्या जागी हरळी, म्हणजेच दूर्वा, आहेच. शेतकरी तिला तण म्हणून खणून काढतो. अंगणात ती माती घट्ट धरते, आणि गणपतीत एकवीस दूर्वांची जुडी दारातच मिळते.