बैठकीची खोली आणि ‘वारा-पाणी’

तुमच्या घरी बैठकीच्या खोलीत कोच कोठे ठेवला आहे? दारासमोर, खिडकीखाली की भिंतीला टेकून? तो तेथेच का, असे घरात विचारलेत तर ‘तेथे जागा होती म्हणून’ असेच उत्तर बहुधा मिळेल. काही घरांत मात्र निराळे उत्तर मिळते : ‘फेंगशुईप्रमाणे तो तेथेच हवा!’ अशा घरात बहुधा दाराशी किणकिणणाऱ्या नळ्या टांगलेल्या असतात आणि कपाटावर पोट सुटलेला हसरा बुद्ध बसलेला असतो. (हा गौतम बुद्ध नव्हे बरे का! बुदाई नावाच्या एका चिनी भिक्षूची ती मूर्ती.) कोणी या नियमांसाठी दार हलवतात, कोणी खिडकी बुजवतात आणि त्यापायी बराच पैसाही खर्च करतात. तेव्हा या नियमांत तथ्य किती, हे तपासून पाहायला हवे. त्यासाठी लागणारे साहित्य साधे आहे : पट्टी, कोनमापक, एक लहान होकायंत्र आणि देवघरातली उदबत्ती.

चिनी भाषेत ‘फेंग’ म्हणजे वारा आणि ‘शुई’ म्हणजे पाणी. ही विद्या घरांइतकीच थडग्यांसाठीही वापरली जाई. ग्वो पू (इ. स. २७६ ते ३२४) या पंडिताच्या नावावर असलेला तिचा जुना ग्रंथ दफनविधीविषयीच आहे! ‘ची’ नावाची एक जीवनशक्ती भूमीतून वाहते, वाऱ्याने ती विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, अशी त्यातली कल्पना आहे. म्हणून जागा अशी निवडावी की जोराचा वारा अडेल आणि समोर पाणी असेल. ही ‘ची’ आजवर कोणत्याही उपकरणाने मोजता आलेली नाही. पण वारा, पाणी आणि ऊन मोजता येते. आपण तेथूनच सुरुवात करू.

नकाशात बीजिंग शोधा. ते सुमारे ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सैबेरियावरून येणारे बोचरे वारे तेथे उत्तरेकडून आणि वायव्येकडून झोंबतात, तर वसंतात गोबीच्या वाळवंटाची धूळ त्याच बाजूने येते. आता तिथला जुना वाडा पाहा. मध्ये चौक आणि चारी बाजूंना घरे, आपल्या चौसोपी वाड्यासारखेच. चौकाच्या उत्तरेकडची इमारत मुख्य असे. तिची पाठ उत्तरेला आणि दारे-खिडक्या दक्षिणेला. वडीलधाऱ्यांचा मान तिथला. बैठकीच्या दालनात मागच्या भिंतीला लागून लांब अरुंद मेज, त्यापुढे चौरस मेज आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची असे. खुर्च्यांची तोंडे दाराकडे, म्हणजेच दक्षिणेकडे.

आता कागद घ्या. २२ डिसेंबरच्या सुमारास बीजिंगमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असेल? ९० मधून अक्षांशाचे ४० आणि सूर्याच्या दक्षिणायनाचे २३½ वजा करा. उत्तर येते २६½ अंश. खिडकीची वरची कड जमिनीपासून २ मीटर उंच आहे असे समजू. १ मीटरला २ सेंटिमीटर असे प्रमाण धरून ४ सेंटिमीटरची उभी रेघ काढा आणि तिच्या टोकावरून जमिनीशी २६½ अंशांचा कोन करणारी तिरपी रेघ खाली आणा. ती भिंतीपासून ८ सेंटिमीटरवर टेकेल. म्हणजे खोलीत ऊन ४ मीटर आत येते, थेट मागच्या खुर्चीवर बसलेल्या आजोबांच्या पायांपर्यंत! आता २१ जूनचे गणित करा. सूर्याची उंची ७३½ अंश आणि ऊन आत येते जेमतेम ६० सेंटिमीटर. छपराची वळचण पुढे आलेली असेल तर तेवढेही नाही. थंडीत शेगडीचे काम करणारी खिडकी उन्हाळ्यात आपोआप सावली देते. ‘पाठ उत्तरेला, तोंड दक्षिणेला’ या नियमाला ‘ची’चा आधार न घेताही असा भरभक्कम अर्थ आहे. ज्या लोकांनी तो बसवला त्यांचे निरीक्षण पक्के होते, याबद्दल मला तरी शंका वाटत नाही.

मात्र तोच नियम पुण्याला आणला तर? पुण्याचा अक्षांश १८½ अंश. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो आणि ऊन १.८ मीटर आत येते. हे ठीक. पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य चक्क डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या वेळी ऊन दक्षिणेच्या खिडकीतून येणारच नाही, आलेच तर उत्तरेच्या. शिवाय आपला पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. कोकणात दक्षिणेकडे व पश्चिमेकडे मोकळ्या खिडक्या ठेवल्या तर कोचावरच्या गाद्या श्रावण संपेपर्यंत वाळायच्या नाहीत. ऑस्ट्रेलियातील सिडनीला तर बाजू पूर्णच उलटते, कारण तेथे दुपारचा सूर्य उत्तरेलाच असतो.

आता कोचाकडे वळू. फेंगशुई सांगते की बसणाऱ्याच्या पाठीशी भिंत असावी, त्याला दार दिसावे, पण बैठक दार आणि खिडकी यांच्या सरळ रेषेत नसावी. यातले शेवटचे आधी तपासा. पंखा बंद करा, समोरासमोरचे दार आणि खिडकी उघडा आणि घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन, पडद्यांपासून दूर, उदबत्ती पेटवा. ती बैठकीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर धरा. दार-खिडकीच्या रेषेत धूर आडवा पळेल. कोपऱ्यात तो बराचसा सरळ वर जाईल. म्हणजे वाऱ्याचा झोत खरोखरच त्या रेषेत असतो. बीजिंगच्या जानेवारीत त्या झोतात बसणे म्हणजे हुडहुडी. पण आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी आजोबांची आरामखुर्ची कोठे असते? बरोबर त्याच रेषेत! वाऱ्याने अंगावरचा घाम उडतो आणि त्याबरोबर शरीरातली उष्णता जाते. निरीक्षण दोन्हीकडे एकच, पण त्यातून निघणारा सल्ला नेमका उलटा.

पाठीशी भिंत आणि नजरेसमोर दार, ही गोष्ट मात्र बऱ्याच जणांना सोयीची वाटेल. खाणावळीत शिरल्यावर आपणही भिंतीकडची जागा आधी पकडतो. इंग्लंडमधील भूगोलतज्ज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये असा विचार मांडला की स्वतः आडोशाला राहून समोरचे दूरवर पाहता येईल अशी जागा माणसाला मुळातच आवडते. त्यांचा हा विचार निसर्गदृश्यांविषयी होता, कोचाविषयी नव्हे. तरीही तो येथे आठवतो खरा.

आरशाचे म्हणाल तर खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलेला आरसा खोलीत उजेड परत फेकतो. यात गूढ काही नाही, परावर्तनाचा नियम तुम्ही शिकलाच आहात.

पण ‘संपत्तीचा कोपरा’ आला की गाडी अडते. फेंगशुईत खोलीचे नऊ चौकोन पाडतात. त्यामागे एक सुंदर चौरस आहे : वरच्या ओळीत ४, ९, २, मधल्या ओळीत ३, ५, ७ आणि खालच्या ओळीत ८, १, ६. आडवी, उभी, तिरपी कशीही बेरीज करा, १५ येते. या चौरसात दक्षिण वर मानतात, त्यामुळे ४ चा चौकोन आग्नेयेला येतो. होकायंत्र वापरणारे अनेक सल्लागार हाच संपत्तीचा कोपरा म्हणतात. परंतु १९८० च्या दशकात लिन युन यांनी अमेरिकेत एक नवी पद्धत लोकप्रिय केली. तिच्यात होकायंत्र लागत नाही. दारातून आत पाहत उभे राहायचे, पलीकडचा डावा कोपरा तो संपत्तीचा.

आता दोन खोल्यांचे आराखडे काढा. पहिल्या खोलीचे दार उत्तरेच्या भिंतीत. आत पाहताना तोंड दक्षिणेला, डावीकडे पूर्व, म्हणून पलीकडचा डावा कोपरा आग्नेय. दोन्ही पद्धती जुळल्या! दुसऱ्या खोलीचे दार दक्षिणेच्या भिंतीत, म्हणजे जुन्या चिनी मुख्य दालनासारखे. आता डावा कोपरा आला वायव्येला, आग्नेयेच्या अगदी समोर. एकाच खोलीत संपत्ती समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत! मत्स्यपेटी कोठे ठेवायची? उष्णतामापकाने सोडवता येईल असा हा वाद नाही, कारण दोन्ही पक्षांकडे मोजण्यासारखे काही नाही. मासे आवडत असतील तर पेटी जरूर ठेवा. फक्त थेट उन्हात नको, शेवाळ माजेल.

होकायंत्राचा उल्लेख आलाच आहे, तर त्याचा मान त्याला द्यायला हवा. फेंगशुईच्या तबकडीला ‘लुओपान’ म्हणतात. तिच्या मध्यभागी चुंबकसूची असते आणि भोवती वर्तुळेच वर्तुळे. एका वर्तुळाचे २४ भाग, म्हणजे प्रत्येकी १५ अंश. सुई नेमकी दक्षिण दाखवत नाही, किंचित बाजूला झुकते, हे शेन क्वो या चिनी विद्वानाने इ. स. १०८८ च्या सुमारास लिहून ठेवले आहे. या फरकाला आपण चुंबकीय दिक्पात म्हणतो. महाराष्ट्रात आज तो बहुतेक ठिकाणी एका अंशाहूनही कमी आहे, बीजिंगला मात्र सुमारे ७ अंश, म्हणजे तबकडीवरचा जवळजवळ अर्धा भाग.

आपल्या खोलीत दिक्पात नसला तरी लोखंड आहे. होकायंत्र खोलीच्या मध्यभागी लाकडी पाटावर ठेवून सुईची दिशा खडूने आखा. मग तेच लोखंडी कपाटाशेजारी आणि ध्वनिवर्धकाजवळ ठेवून पाहा. सुई ७½ अंश जरी सरकली तरी एका भागाच्या मध्यावरची दिशा थेट पुढच्या भागाच्या सीमेवर जाते. सिमेंटच्या भिंतींतही लोखंडी सळ्या असतातच. मोबाइलमधील होकायंत्रही याच चुंबकीय क्षेत्रावर चालते, त्यामुळे तेही फसते.

जुन्या लुओपानवर त्या २४ भागांची वर्तुळे एक नव्हे, तीन असतात. त्यांतली दोन मुख्य वर्तुळापासून ७½ अंशांनी सरकलेली, एक या बाजूला तर दुसरे त्या बाजूला. चिनी विज्ञानाचा इतिहास लिहिणारे जोसेफ नीडम यांचा तर्क असा, की ही वर्तुळे म्हणजे वेगवेगळ्या काळांत मोजलेल्या दिक्पातांच्या खुणा आहेत. पृथ्वीचे चुंबकत्व हळूहळू बदलत असते. सुईचा झुकाव बदलला तसे नवे वर्तुळ आले आणि जुने कोणी पुसले नाही.