खंडांची मुळे किती खोल?

महाराष्ट्राचा काळा पाषाण हाच आपल्या भूमीचा तळ, असे सह्याद्री पाहताना वाटते. पण १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला विंधणविवर घेतले, तेव्हा अवघ्या ३३८ मीटरवर हा काळा बेसाल्ट संपला. त्याखाली गाळाचा एक पातळ थर होता आणि मग लागला ग्रॅनाइट-नाइसचा अतिप्राचीन खडक. कोयना भागात खोदल्यावरही बेसाल्टखाली असाच खडक मिळाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने झाकून टाकलेला हा जुना खंड आहे. अब्जावधी वर्षे फारसे न मोडता टिकलेल्या अशा भूभागांना भूवैज्ञानिक ‘क्रॅटन’ म्हणतात. दक्षिण भारतातला धारवाड क्रॅटन त्यांपैकी एक. क्रॅटनच्या खाली, म्हणजे कवचाखालच्या प्रावरणात, काय आहे हे भूकंपलहरींवरून समजते. मात्र त्याविषयी काही चुकीच्या कल्पना घट्ट रुजल्या आहेत.

गैरसमज : कवचाखाली सगळीकडे खदखदता लाव्हा आहे.

वस्तुस्थिती : सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंतचे प्रावरण जवळजवळ सगळे घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. प्रावरणातून त्या आरपार जातात, बाह्य गाभ्यापाशी मात्र थांबतात. प्रावरणाचा खडक घन असूनही वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या संथ गतीने सरकतो. लाव्हा तयार होतो तो काही ठिकाणीच, आणि तिथेही खडकाचा थोडाच अंश वितळतो.

गैरसमज : आतले पाहायचे तर तिथपर्यंत खोदायलाच हवे.

वस्तुस्थिती : रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे विवर १२,२६२ मीटरपर्यंत गेले, तरी ते कवचातच राहिले. खंडांचे कवच साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड असते. त्याच्या पलीकडची माहिती लहरीच आणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींतून प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठलहरी वेगळ्या ओळखल्या. १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावाही त्यांनी लहरींवरूनच मांडला. आजची पद्धत त्याच पायावर उभी आहे. दूरच्या भूकंपाची लहर प्रत्येक केंद्रावर केव्हा पोहोचली हे मोजायचे, आणि ती अपेक्षेपेक्षा लवकर आली की उशिरा, यावरून वाटेतला खडक कसा असेल ते काढायचे. सीटी स्कॅनमध्ये अनेक बाजूंनी किरण सोडून आतले चित्र जुळवतात, तसेच हजारो लहरींचे मार्ग एकत्र करून हे चित्र जुळवले जाते.

गैरसमज : चित्रातला लाल भाग म्हणजे वितळलेला खडक, निळा म्हणजे थंड.

वस्तुस्थिती : हे रंग वेगाचे आहेत. सरासरीपेक्षा जिथे लहरी मंद, तिथे सहसा लाल. जिथे जलद, तिथे निळा. उष्ण खडकात लहरी मंदावतात हे खरे, पण खडकातले लोह, पाणी आणि खनिजांची ठेवण यांचाही वेगावर परिणाम होतो. फरकही असतो तो काही टक्क्यांचाच. शिवाय केंद्रे विरळ असतील तिथे चित्र पुसट होते आणि लहान आकार हरवतात.

गैरसमज : थंड खडक जड असतो, त्यामुळे खंडांना खोल मुळे असणे अशक्य.

वस्तुस्थिती : जुन्या खंडांखाली सुमारे २०० किलोमीटरपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही खोल, लहरी जलद धावतात. म्हणजे तिथला खडक थंड असावा, आणि इतके थंड मूळ बुडून जायला हवे. ते का बुडत नाही, याचे उत्तर १९७० च्या दशकात टॉमस जॉर्डन यांनी सुचवले. प्राचीन काळी या खडकातून मोठ्या प्रमाणात वितळलेला रस निघून गेला आणि त्याबरोबर लोहही गेले. उरलेला खडक मुळातच हलका असल्याने थंडीने आलेले जडत्व भरून निघते.

अशी मुळे खरोखर आहेत याची पडताळणी दगडांनीही केली. दक्षिण आफ्रिकेच्या कापवाल क्रॅटनवर आणि आसपास १९९७ ते १९९९ या काळात सुमारे ८० ठिकाणी भूकंपमापक बसवले गेले. त्यांतून क्रॅटनखालचे जाड, जलद मूळ स्पष्ट दिसले. त्याच भागात खोलवरून उफाळून आलेल्या किंबरलाइट खडकांनी दीडशे किलोमीटरहून खोलचे प्रावरणाचे तुकडे आणि हिरे वर आणले आहेत. त्यांतले काही हिरे ३ अब्ज वर्षांहून जुने आहेत. म्हणजे ते मूळही तितक्याच प्राचीन काळापासून टिकून आहे.

गैरसमज : एकदा घडलेले मूळ कायमचे असते.

वस्तुस्थिती : उत्तर चीनच्या क्रॅटनच्या पूर्व भागात जुन्या किंबरलाइटांमध्ये हिरे सापडतात. म्हणजे तिथे एके काळी जाड मूळ होते. आज लहरी तिथे बरेच पातळ शिलावरण, म्हणजे कवच आणि त्याखालचा प्रावरणाचा कडक भाग, दाखवतात.

भारताचे उदाहरण वादाचे आहे. २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या आणि जर्मन संशोधकांच्या गटाने भारताचे शिलावरण सुमारे १०० किलोमीटरच जाड असल्याचे मांडले. गोंडवना या प्राचीन महाखंडातल्या इतर खंडांखाली हीच जाडी १८० ते ३०० किलोमीटर आहे. मूळ गमावल्यामुळेच भारत इतक्या वेगाने उत्तरेकडे सरकला, असा त्यांचा तर्क होता. पृष्ठलहरींवर आधारलेल्या काही अभ्यासांत मात्र धारवाडखाली याहून जाड मूळ दिसते. शिवाय आंध्रातल्या वज्रकरूरच्या १.१ अब्ज वर्षे जुन्या किंबरलाइटांत हिरे आहेत. म्हणजे तेव्हा तरी इथे मूळ जाड होते.

गैरसमज : अशा चित्रांवरून पुढचा भूकंप कळेल.

वस्तुस्थिती : नाही. कोयना आणि किल्लारीचे भूकंप कवचाच्या वरच्या काही किलोमीटरांत झाले. ही चित्रे शेकडो किलोमीटर खोलीची आणि कोट्यवधी वर्षांच्या घडामोडींची आहेत.

म्हणून पृथ्वीच्या पोटाचे असे रंगीत चित्र समोर आले की तीन प्रश्न विचारावेत. रंग कशाचा आणि कोणत्या सरासरीच्या तुलनेत? केंद्रे किती दाट होती? त्याच जागचे खडक तेच सांगतात का? भारतीय मुळाचा वाद सुटेल तो याच तीन प्रश्नांच्या उत्तरांनी, आणि त्यासाठी आपल्या भूमीवर अधिक दाट भूकंपमापक हवेत.