रिपोर्ट चांगला आला, म्हणून गोळी बंद?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं आरोग्यविषयक भाषण. वाचनासाठी थोडं सावरून इथे देत आहोत.)

मी बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून काम केलं. आज मला एका लहानशा गोळीबद्दल बोलायचं आहे. ही गोळी घेतल्यावर काही जाणवत नाही. ताप उतरत नाही, दुखणं थांबत नाही, अंगात तरतरी येत नाही. म्हणूनच ती सगळ्यात आधी बंद होते.

आमच्या भागातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. वय अठ्ठावन्न, साखर आणि बीपी दोन्ही होतं. तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी रात्री घ्यायला एक गोळी दिली. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर रिपोर्ट अगदी छान. काकू म्हणाल्या, "झालं की बरं! आता कशाला उगाच पैसे घालवायचे?" गोळी बंद झाली. घरात कुणी विचारलं नाही. आणि ही गोळी कशासाठी आहे, किती दिवस घ्यायची, हे दवाखान्यात आम्हीही त्यांना नीट सांगितलं नव्हतं. त्यात मीही आले.

दीड वर्षानं एका पहाटे काकूंचा जबडा आणि पाठ दुखायला लागली. घाम सुटला, मळमळायला लागलं. घरच्यांना वाटलं, पित्त झालं. लिंबूपाणी दिलं, पाठ चोळली. दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली. तो हृदयविकाराचा झटका होता. काकू वाचल्या, पण हृदयाचा एक भाग कायमचा कमजोर झाला. आता त्यांना पाण्याची कळशीसुद्धा उचलवत नाही.

गोळी चालू असती तर झटका आलाच नसता, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण जे संरक्षण होतं, ते आपल्याच हातानं काढलं गेलं, एवढं नक्की.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. तो विष नाही, शरीराला लागतो. त्यातला बराचसा आपलं यकृत, म्हणजे लिव्हर, स्वतःच तयार करतं. त्यामुळे "मी तर मटण-अंडी खात नाही, मला कसं कोलेस्टेरॉल?" असं म्हणणाऱ्या माळकरी बाईचंही कोलेस्टेरॉल वाढू शकतं.

रिपोर्टवर दोन नावं असतात. एलडीएल आणि एचडीएल. एलडीएल कोलेस्टेरॉल घेऊन रक्तवाहिन्यांकडे जातं. ते जास्त झालं की वाहिनीच्या भिंतीत साचतं. एचडीएल जास्तीचं कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतं. उपचार ठरवताना डॉक्टर जास्त करून एलडीएलचा आकडा बघतात.

आपल्याला वाटतं, ठिबकच्या नळीत क्षार साचून नळी बंद होते, तसंच हृदयाचं होत असेल. ते अर्धंच खरं आहे. क्षार नळीच्या आतल्या बाजूला चिकटतात. कोलेस्टेरॉल मात्र वाहिनीच्या भिंतीच्या आत, पापुद्र्याखाली साचतं. तिथे गळवासारखा फुगवटा तयार होतो. वर्षानुवर्षं तो गप्प असतो. मग एक दिवस वरचा पापुद्रा फाटतो, तिथे रक्ताची गाठ होते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद पडते. म्हणून कालपर्यंत खुरपणी करणाऱ्या बाईला आज अचानक झटका येतो. दुखत नव्हतं, म्हणजे आजार नव्हता, असं नाही.

धोका एका गोष्टीनं ठरत नाही

2004 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 52 देशांतली जवळजवळ तीस हजार माणसं होती, भारतातलीही होती. निम्म्यांना झटका आलेला, निम्म्यांना नाही. दोघांची तुलना केली तेव्हा नऊ गोष्टी पुढे आल्या: तंबाखू, रक्तातली वाईट चरबी, वाढलेलं बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाज्या-फळं कमी खाणं, शारीरिक हालचाल कमी असणं आणि दारू. स्त्रियांमधल्या झटक्यांचा 94 टक्के धोका या नऊ गोष्टींतून समजावता येत होता. याच अभ्यासात असंही दिसलं, की आपल्या भागातल्या लोकांना पहिला झटका इतर देशांपेक्षा कमी वयात येतो.

आता हे आपल्या घरात आणून बघू.

तंबाखू म्हटलं की आपण पुरुषांकडे बोट दाखवतो. पण सकाळी दाताला मिश्री लावतो, त्याचं काय? मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दात घासण्यापुरती राहत नाही, दिवसातून चार-पाच वेळा लागते. चुलीचा धूर आणि घरात ओढली जाणारी विडी यांनीही हृदयाला त्रास होतो.

मिठाचंही तसंच. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा एक चमचाही नाही. यात भाजी, भाकरी, लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं.

काही गोष्टी फक्त आपल्या बायकांच्या आहेत. पाळी जाईपर्यंत शरीरातल्या संप्रेरकांमुळे हृदयाला थोडं संरक्षण असतं. पाळी गेली की ते कमी होतं आणि एलडीएल वाढायला लागतं. गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढलं होतं किंवा साखर वाढली होती, त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका जास्त असतो. बाळंतपण झालं, सगळं नीट झालं, म्हणून आपण ते विसरतो. डॉक्टरांना मात्र आवर्जून सांगा. वडील किंवा भाऊ यांना पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण यांना पासष्टच्या आत झटका आला असेल, तर तेही सांगा.

एका दोरीची तपासणी

गटात कुणाकडे शिवणयंत्र असेल, तर टेप असेलच. एक दोरी घ्या, 80 सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांवर गाठ मारा. बरगड्या संपतात आणि कमरेचं हाड सुरू होतं, त्याच्या मधोमध ती पोटाभोवती गुंडाळा. पोट आत ओढायचं नाही! घेर गाठीच्या पुढे गेला, तर लक्ष द्यायला हवं.

आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. त्यातही हा घेर असतो. बाईचा घेर 80 पर्यंत असेल तर शून्य गुण, 81 ते 90 असेल तर एक, त्याहून जास्त असेल तर दोन. वय, तंबाखू, दारू, व्यायाम आणि घराण्यातले आजार यांचेही गुण असतात. बेरीज चारच्या पुढे गेली, तर तपासणीला आधी जायचं. आशाताई फॉर्म घेऊन आल्या की "नंतर या" म्हणू नका. आणि मिश्रीबद्दल खरं सांगा, त्या काही रागावणार नाहीत.

खाण्यानं किती फरक पडतो?

पडतो. पण नेमकं काय बदलायचं, ते कळायला हवं. तेलाच्या डब्यावर "कोलेस्टेरॉल नाही" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण कुठल्याच वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं. मग त्यासाठी जास्त पैसे कशाला द्यायचे? शेंगदाणा, करडई, तीळ ही आपली तेलं चांगलीच आहेत, फक्त बेतानं. माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास पुरे. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. डालडा, बेकरीची खारी-नानकटाई, गाड्यावरची भजी कमी करा. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, मटकी, हुलगे, पालेभाजी आणि जवसाची चटणी ही आपली जुनीच ताटं हृदयाला मानवतात.

शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला मी "रोज चालायला जा" असं सांगणार नाही. पण यंत्रावर बसून शिवणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या बायकांनी रोज अर्धा तास भरभर चालायलाच हवं.

लसूण, दालचिनी स्वयंपाकात खुशाल वापरा. अर्जुनसालीचा काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. पण यातलं काहीही गोळीच्या जागी घेऊ नका.

आता गोळी

या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. चिठ्ठीवर अटॉर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असं नाव असतं. जपानमध्ये अकिरा एंडो नावाच्या शास्त्रज्ञांना 1973 साली एका बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. हजारो बुरश्या तपासल्यावर ते हाती लागलं. 1987 मध्ये अमेरिकेत अशा पहिल्या औषधाला परवानगी मिळाली. 1994 साली उत्तर युरोपातल्या 4444 हृदयरोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना स्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. साधारण साडेपाच वर्षांत औषध नसलेल्या गटात शंभरातले सुमारे बारा जण दगावले, स्टॅटिनच्या गटात सुमारे आठ. शंभरात चार जीव वाचले.

ही गोळी यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करते. मग यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. भिंतीतल्या त्या फुगवट्यावरचा पापुद्राही घट्ट होतो, फाटण्याची भीती कमी होते.

आता काकूंची चूक कुठे झाली, ते बघा. विहिरीचं काम काढताना आपण मोटार लावून पाणी उपसतो. मोटार चालू आहे तोवर तळ कोरडा दिसतो. म्हणून "पाणी संपलं" असं समजून मोटार बंद केली, तर? झरे आहेतच. विहीर पुन्हा भरते. गोळीचंही तसंच. रिपोर्ट चांगला आला, तो गोळी चालू होती म्हणून. ती बंद केली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा पहिल्या जागी जातो. चांगला रिपोर्ट ही गोळी लागू पडल्याची पावती आहे, बंद करण्याची परवानगी नाही.

सगळ्यांनाच गोळी लागते का? नाही. एलडीएल थोडं वाढलं आणि दुसरा धोका नाही, तर आधी खाणं-चालणं सुधारून बघतात. ज्यांना झटका येऊन गेला आहे, त्यांना बहुतेक कायमच लागते. मधुमेह असलेल्या चाळिशीपुढच्या बहुतेकांनाही देतात. एलडीएल 190 च्या वर असेल, तर ते आनुवंशिक असू शकतं, मग मुलांचीही तपासणी करून घ्या. स्टॅटिन पुरेसं पडलं नाही, तर आतड्यातून शोषण कमी करणारी एझेटिमाइब ही गोळी जोडतात. महागडी इंजेक्शनंही आली आहेत, पण ती थोड्यांनाच लागतात.

त्रास होतो का? काहींचे स्नायू दुखतात. काहींची साखर किंचित वाढते, पण हृदयाला होणारा फायदा त्याहून मोठा असतो. स्नायू खूप दुखले, लघवी चहासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर लगेच डॉक्टरांकडे जा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. दिवस राहिले असतील, राहावेत असं वाटत असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर मात्र ही गोळी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका.

खर्चाचं म्हणाल, तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा. सरकारी दवाखान्यात विचारा, नाहीतर जनऔषधी केंद्रात तेच औषध बरंच स्वस्त मिळतं.

गटासाठी काम

शेवटचं एक बोलते. घरातल्या पुरुषाची गोळी संपली, की आपण त्याच दिवशी कुणाला तरी तालुक्याला पाठवतो. आपली संपली, की पुढच्या बाजारापर्यंत थांबतो. मग बाजारात मुलांची वही येते, खताची पिशवी येते आणि गोळी राहून जाते.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, की दहा मिनिटं काढा. गाठीची दोरी फिरवा. कुणाची कसली गोळी चालू आहे आणि किती दिवसांची उरली आहे, ते एकमेकींना विचारा. तालुक्याला जाणारी एकजण चौघींच्या चिठ्ठ्या नेऊ शकते.

आणि छातीत दाब, जबडा, पाठ किंवा हात दुखणं, दम लागणं, घाम, मळमळ, विनाकारण गळून जाणं असं अचानक झालं, तर पित्त म्हणून लिंबूपाणी देत बसू नका. 108 ला फोन करा. त्यात प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

आमच्या काकू आता गोळी चुकवत नाहीत. भेटल्या की म्हणतात, "तेव्हा कुणी असं सांगितलं असतं तर." म्हणून आज सांगितलं.