गोळीला पीळ किती हवा?

कुम्हारीहून मी पुन्हा हजर. मागच्या भागावर एकानं विचारलं, रायफलच्या नळीत पीळ किती हवा?

ते गोळीच्या लांबीवर ठरतं. समोरची हवा गोळीला उलटवू पाहते. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. भोवऱ्यासारखी जोरात फिरली तरच ती तोंड पुढे ठेवून जाते.

स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला कांस्य जिंकलं, तो खेळ पॉइंट बावीसचा. गोळी आखूड, म्हणून साधारण १६ इंचांत एक फेरा पुरतो. अमेरिकेच्या एम-१६ रायफलीत आधी १४ इंचांत एक फेरा होता. कडक थंडीत हवा दाट होते. तिथं गोळ्या डगमगल्या, म्हणून १२ केला. पुढे लांब गोळी आली, तेव्हा ७.

कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडलं, तर नेमाला दोष देऊ नका. आधी गोळी आणि पीळ जुळतात का, ते बघा.